केस विरळ होतायत? तेल बदलण्याआधी कॅलेंडर काढा

मोरीच्या जाळीवर केसांचा गुंता अडकलेला दिसला की पहिला संशय पाण्यावर जातो. लग्न होऊन शहाद्याहून जळगावला आलेल्या मुलीला शेजारीण हमखास सांगते, "पानी बदलनं ना, म्हनीसन केस गयी ऱ्हायनात." पाण्यानंतर शॅम्पूचा नंबर लागतो, मग तेलाचा. महिन्याभरात घरात चार बाटल्या होतात आणि केस गळतच राहतात. यात चूक तेलाची नसते, हिशेबाची असते. आज हातात आलेल्या केसाचं कारण बहुतेक वेळा आजचं किंवा कालचं नसतं, दोन-तीन महिन्यांपूर्वीचं असतं.

हे असं का होतं ते आधी समजून घ्या, पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे आहेत. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातला प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ आवरती होते, आणि मग तो सुमारे तीन महिने नुसता मुळात बसून राहतो. खालून नवा केस आला की जुना गळतो. म्हणून दिवसाला ५० ते १०० केस जाणं हे नेहमीचंच आहे. रोज न धुणाऱ्यांना धुण्याच्या दिवशी दोन-तीन दिवसांचे केस एकदम दिसतात, त्याने घाबरायचं कारण नाही.

शरीराला मोठा धक्का बसला की मात्र वाढीला असलेले पुष्कळ केस एकाच वेळी काम थांबवून बसतात. ते लगेच गळत नाहीत. तीन महिने मुळात बसतात आणि मग एकदम सुटतात. गणपतीत डेंग्यूने किंवा टायफॉइडने अंथरूण धरलं असेल, तर केस सुटायला लागतात ते चंपाषष्ठीच्या भरीत-भाकरीच्या दिवसांत. तोवर ताप विस्मरणात गेलेला असतो. थंडी पडलेली असते, कोंडा दिसत असतो आणि दोष जातो त्या आठवड्यात आणलेल्या शॅम्पूवर.

आधी प्रकार ओळखा

केस "जातात" ते तीन वेगळ्या तऱ्हांनी, आणि तिन्हींचे इलाज वेगळे आहेत.

पहिली तऱ्हा झडण्याची. पूर्ण डोक्यावरून सारखेच, मुठीने केस येतात. वेणीचा घेर कमी होतो, पण टाळू एका जागी उघडी पडत नाही. ताप, बाळंतपण, ऑपरेशन, घरातला मोठा आघात, लग्नाआधी दोन महिन्यांत दहा किलो वजन उतरवणं, गर्भनिरोधक गोळ्या बंद करणं ही नेहमीची कारणं. बाळंतिणीचे केस साधारण तिसऱ्या महिन्यात सुटतात. तिला "बाळ हसायला लागलं की आईचे केस जातात" असं सांगतात. हसण्याचा संबंध नाही, पण वेळ अचूक टिपलेली आहे.

दुसरी तऱ्हा बारीक होत जाण्याची. जाळीवर फारसे केस दिसतच नाहीत, तरी डोकं विरळ होतं. जाड केसाच्या जागी दर फेरीला आधीपेक्षा बारीक, आखूड केस येतो. पुरुषांत कपाळाचे कोपरे मागे सरतात आणि भोवऱ्याची जागा उघडी पडते. बायकांत पुढची रेषा बहुधा तशीच राहते, भांग मात्र रुंदावत जातो. हे आनुवंशिक आहे. पुरुषांत टेस्टोस्टेरॉनपासून बनणाऱ्या डीएचटी या हार्मोनला ती मुळं जास्त संवेदनशील असतात. आईकडून, वडिलांकडून, कुठूनही येऊ शकतं. "मामाला टक्कल नाही, मग मला कसं" हा युक्तिवाद टिकत नाही.

तिसरी तऱ्हा तुटण्याची. मुळाचं काहीच बिघडलेलं नसतं, केसाची कांडी मधेच तुटते. जड पाणी, स्ट्रेटनिंग, ओल्या केसांत घातलेला कंगवा, रबर बँड.

ओळखायचं कसं? जाळीवरचे किंवा उशीवरचे दहा केस घ्या आणि पांढऱ्या केसांसाठी काळा, काळ्या केसांसाठी पांढरा कागद खाली ठेवून उन्हात बघा. एका टोकाला टाचणीच्या डोक्याएवढी पांढुरकी गाठ असेल तर केस मुळापासून, आपल्या वेळेने सुटलेला आहे. त्या गाठीला लोक "मूळ उपटून आलं" समजतात आणि धास्तावतात. मूळ टाळूतच असतं, नवा केस तिथूनच येणार असतो. दोन्ही टोकं नुसतीच, आणि केस तुमच्या लांबीपेक्षा आखूड, तर तो तुटलेला आहे.

दुसरी तपासणी ओढून बघण्याची. आदला पूर्ण दिवस केस धुऊ नका. बोटांच्या चिमटीत ५०-६० केसांची बट टाळूजवळ धरा आणि टोकापर्यंत सरळ, सावकाश बोटं सरकवा. हिसका नको. पुढे, भोवऱ्याजवळ, दोन्ही कानांच्या वर आणि मागे असं पाच ठिकाणी करा. प्रत्येक जागी एक-दोन केस आले तर ठीक. सहाच्या वर येत असतील तर झडणं चालू आहे. फक्त माथ्यावर येतात आणि मागे एकही नाही, तर दुसऱ्या तऱ्हेची शंका घ्या.

तिसरी गोष्ट फोटोची, आणि ही सगळ्यात जास्त कामाची आहे. महिन्याच्या एक तारखेला, सकाळी, त्याच खिडकीपाशी, कोरड्या आणि तेल न लावलेल्या केसांचे फोटो काढा. कंगव्याच्या शेपटीने मधोमध भांग पाडा, हनुवटी छातीकडे घ्या, दुसऱ्या कुणाला तरी वीत-दीडवीत वरून फोटो काढायला सांगा. भांगाशेजारी तोच कंगवा आडवा धरा, म्हणजे दर महिन्याला रुंदीची तुलना करता येते. समोरून एक, भोवऱ्याचा एक, दोन्ही कोपऱ्यांचे दोन. भर दुपारच्या उन्हात किंवा ओल्या केसांत काढलेल्या फोटोत कुणाचीही टाळू दिसते, त्यामुळे तसे काढू नका. आरशाकडे रोज बघणाऱ्याला बदल कळत नाही. चार महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले की कळतो.

मग कॅलेंडर

भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, केस गळायला लागले त्या आठवड्यापासून तीन महिने मागे जा, आणि त्याच्या पुढे-मागे महिनाभरात काय झालं ते लिहा: ताप, सलाईन, ऑपरेशन, बाळंतपण, गर्भपात, उपाशी राहून केलेलं डाएट, परीक्षा, घरातला मृत्यू, नवीन सुरू झालेली किंवा बंद केलेली गोळी. फिटसाठीची सोडियम व्हॅल्प्रोएट, रक्त पातळ करणारी औषधं, पुरळांसाठीची आयसोट्रेटिनॉइन, ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या यांनी केस झडू शकतात. म्हणून ती परस्पर बंद करायची नाहीत, डॉक्टरांना विचारायचं.

कारण सापडलं, झडणं सुरू होऊन सहा महिने झालेले नाहीत आणि तब्येत आता बरी आहे, तर खरं सांगायचं तर फार काही करावं लागत नाही. गळती तीन ते सहा महिन्यांत आपोआप थांबते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून घेर भरून यायला वर्ष लागतं. कपाळाच्या रेषेवर आखूड, उभे राहणारे बारीक केस दिसायला लागले की परत येणं सुरू झालं समजा. याच काळात जो कुणी तेल विकतो त्याचं तेल "लागू पडतं".

रक्त तपासणी: काय, आणि कशाची घाई नको

गळती सहा महिन्यांच्या वर गेली, किंवा कारण सापडत नाही, तर सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन), फेरिटिन आणि टीएसएच (थायरॉइड) या तीन तपासण्या आधी करा. डॉक्टरांना गरज वाटली तर बी१२ आणि व्हिटॅमिन डी. पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस, वजन वाढतंय असं असेल तर पीसीओएसची, म्हणजे बीजकोशांशी निगडित हार्मोनच्या बिघाडाची तपासणी.

फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन १२ दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका, कोठार आधी रिकामं होतं आणि हिमोग्लोबिन नंतर उतरतं. फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे साठा संपला. केसांच्या बाबतीत बरेच त्वचारोगतज्ज्ञ ते ३०-४० च्या वर राहील असं बघतात. एक खोच आहे: अंगात ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसतं. तापातून उठल्यावर महिनाभर थांबून तपासा.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी निदान दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबला तसं सांगा. जास्त डोसच्या बायोटिनने थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो, हृदयविकाराच्या ट्रोपोनिन तपासणीवरही परिणाम होतो. तसंही बायोटिनची खरी कमतरता फार क्वचित असते.

सातपुड्याच्या पट्ट्यात, धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शिरपूर, चोपडा, यावल या भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. इथल्या आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोहच कमी असं तिथे धरून चालता येत नाही. सिकलसेलची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. ती करून, फेरिटिन बघून मगच लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्यात.

गोळी सुरू झालीच तर चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, निदान तासाभराचं अंतर ठेवा. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर जास्त शोषली जाते. संडास काळी होते, त्याची काळजी नको. पोट फार बांधलं तर दिवसाआड घ्यायची का ते डॉक्टरांना विचारा, बंद करून टाकू नका.

ताटात काय

केस प्रथिनांचा बनतो. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५५ किलोच्या बाईला ४५ ग्रॅमच्या आसपास. खानदेशात यासाठी डबे विकत आणायची गरज नाही, कळण्याची भाकरी आहे. तीन वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद या हिशेबाने दळलेलं दीडशे ग्रॅम पीठ, म्हणजे दोन जाड भाकरी, साधारण २० ग्रॅम प्रथिनं देतं. त्यावर एक वाटी घट्ट डाळ ७ ग्रॅम, मूठभर शेंगदाणे ७ ग्रॅम, पाव लिटर दूध ८ ग्रॅम. उरलेले तीन-चार ग्रॅम भिजवलेल्या हरभऱ्यांतून किंवा एका अंड्यातून सहज येतात.

गडबड कुठे होते? शेवभाजीची तर्री आणि दोन पोळ्या हे जेवण पोटभर होतं, पण त्यात डाळ कमी आणि तेल जास्त. शेतावर जाणारी बाई सकाळी ठेचा-भाकरी आणि दोन कप चहावर दुपार काढते. तिला केसांचं औषध देण्याआधी त्या भाकरीसोबत शेंगदाण्याची चटणी आणि हरभऱ्याच्या पाल्याची भाजी द्यायला हवी, आणि चहा जेवणापासून तासभर लांब. जळगावकरांना ऐकायला आवडणार नाही, पण केळ्यात लोह अगदी थोडं असतं. केळं जरूर खा, त्यावर केसांची आशा ठेवू नका.

पाणी, तेल, फडकं

बोअरचं पाणी जड असलं की साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो, बादलीला पांढरी कड धरते. या पाण्याने मुळं मरत नाहीत. साबणाचा चिकट थर केसावर बसतो, केस राठ होतो, गुंततो आणि विंचरताना तुटतो. म्हणजे पाणी बदलल्यावर केस "गेले" हे अर्धं खरं आहे, फक्त ते तुटलेले असतात.

उपाय स्वस्त आहे. अंगाच्या साबणाने डोकं धुणं बंद करा, सौम्य शॅम्पू वापरा. एक चमचा शॅम्पू मगभर पाण्यात कालवा, टाळूला लावा. लांबीला फेस आपोआप लागतो. नंतर लांबीलाच कंडिशनर, टाळूला नाही. नंतर लांबीलाच कंडिशनर, टाळूला नाही. केस नुसते निथळू द्या, पंच्याने चोळू नका, रुंद दातांच्या कंगव्याने खालून वर सोडवत या.

खोबरेल तेल धुण्याआधी तासभर लावलं तर केसाची झीज कमी होते, हे त्याचं खरं काम. टाळूतून नवे केस उगवण्याचं काम कुठलंही तेल करत नाही. कोंडा असेल तर तेल लावून ठेवल्याने तो वाढतो. तिथे दोन टक्के किटोकोनाझोलचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, टाळूवर तीन ते पाच मिनिटं ठेवून, चार आठवडे.

मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा डोक्याला उपरणं किंवा रुमाल हवाच, विरळ भांगाची टाळू भाजते. हेल्मेटने टक्कल पडत नाही. खालचा घामट रुमाल मात्र रोज धुवा. डोक्यावर हंडा, भारा, टोपली वाहणाऱ्या बायकांचे माथ्यावरचे केस घासून आणि ओढून जातात. चुंबळ मऊ सुती कापडाची, जाड करा. डोळे ताणले जातील इतकी घट्ट वेणी किंवा अंबाडा वर्षानुवर्षं घातला तर कानशिलाजवळचे केस कायमचे जातात. सुरुवातीला सैल केलं तर परत येतात, नंतर नाही.

आणि टक्कल करून केस दाट होत नाहीत. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून तो जाड वाटतो. मुळांची संख्या तीच.

औषध

भांग रुंदावत असेल किंवा कोपरे मागे सरत असतील, तर वाट बघण्यात नुकसान आहे. बाहेरून लावायचं सिद्ध औषध मिनॉक्सिडिल. पुरुषांना पाच टक्क्यांचं, एका वेळी एक मिलिलिटर, दिवसातून दोनदा. म्हणजे ६० मिलिलिटरची बाटली बरोबर एक महिना. बाटली दोन महिने पुरत असेल तर तुम्ही कमी लावताय. बायकांना दोन टक्क्यांचं दोनदा, किंवा पाच टक्क्यांचा फेस एकदा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी लावायचं नाही.

लावायचं ते टाळूला, केसांना नाही. कोरड्या टाळूवर भांग पाडत पाडत थेंब सोडा, बोटाने पसरा, लगेच हात धुवा. झोपण्याआधी दोन तास तरी लावा, नाहीतर ते उशीवर आणि तिथून कपाळावर, गालावर जातं आणि तिथे लव वाढते. घरात मांजर असेल तर फार जपा, मांजरांना हे विषारी आहे.

बहुतेक जण चुकतात ते दुसऱ्या महिन्यात. औषध सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांत गळती वाढते. जुने बसलेले केस नव्यांना जागा देत असतात. इथे घाबरून बाटली फेकली जाते. फरक चौथ्या महिन्यापासून दिसतो, निकाल वर्षाने लावायचा. आणि सोडलं की मिळवलेलं तीन ते सहा महिन्यांत परत जातं. हे आधीच मान्य असेल तरच सुरू करा. खाज, लाली आली तर द्रवाऐवजी फेस चालतो का ते विचारा. छातीत धडधड झाली तर थांबवून डॉक्टरांकडे.

पुरुषांसाठी फिनास्टेराइड एक मिलिग्रॅम ही गोळी डीएचटी कमी करते. ती चिठ्ठीशिवाय, मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका. काहींना लैंगिक इच्छा कमी होणं, उदास वाटणं हे त्रास होतात, आणि प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडा निम्मा येतो, हे डॉक्टरला माहीत असावं लागतं. गरोदर बाईने फुटलेली गोळी हाताळूही नये.

केस प्रत्यारोपण हे नवे केस निर्माण करत नाही, मागचे पुढे लावतं, आणि मागची शिल्लक मर्यादित असते. विशीतल्या मुलाने घाई केली तर पुढे गळती सरकत राहते आणि लावलेला पट्टा बेटासारखा उरतो. पैसे भरण्याआधी विचारा: चीर कोण देणार, डॉक्टर की मदतनीस?

थांबायचं नाही अशा वेळा

रुपयाच्या आकाराची गुळगुळीत चकती पडली तर ती बहुधा चाई. लसूण चोळून कातडी भाजून घेऊ नका. लहान मुलाच्या डोक्यावर खवले, तुटके केस आणि खाज असेल तर तो नायटा, त्याला पोटातून औषध लागतं. मेडिकलमधल्या स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने तो आणखी पसरतो. टाळू दुखते, पू येतो, किंवा चकाकणारा डाग पडून तिथली छिद्रंच दिसेनाशी झाली, तर त्याच आठवड्यात दाखवा, ते केस परत येत नाहीत.

आणि तीन-चार दिवसांत पूर्ण टक्कल पडत असेल, घरात किंवा गल्लीत अनेकांचं होत असेल, तर ती गावाची बाब आहे, आरोग्य केंद्राला कळवा. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत असंच घडलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) पथक आलं. महाडचे डॉक्टर आणि संशोधक हिम्मतराव बावस्कर यांना रुग्णांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियम वाढलेलं आढळलं आणि त्यांनी गव्हाकडे बोट दाखवलं. केसांच्या पुष्कळ गोळ्यांत "पोषक" म्हणून सेलेनियम असतं. जास्त झालं की तेच केस घालवतं. दोन-दोन ब्रँडच्या गोळ्या एकत्र घेणाऱ्यांनी पाकिटामागचं वाचावं.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्वचारोगाच्या ओपीडीत दाखवता येतं. जाताना एक तारखेचे फोटो, खुणा केलेलं कॅलेंडरचं पान, जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, जडीबुटीची पुडीसुद्धा. आणि त्या दिवशी डोक्याला तेल चोपडून जाऊ नका, टाळू दिसत नाही.